अकरा भागिले तीस

"सही कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

चित्र टेबलावर आडवं ठेवलेलं होतं. ते भिंतीवरून उतरवायला सिद्राम शिपाई स्टुलावर चढला होता, मी स्टूल धरलं होतं आणि आमचे अध्यक्ष नानासाहेब बुरगुटे वकील यांनी देखरेख केली होती. चित्राच्या जागी भिंतीवर एक स्वच्छ पांढरा चौकोन उरला होता. वृत्तपत्र विभागातल्या सात-आठ म्हाताऱ्यांनी त्या चौकोनाकडे ज्या कुतूहलानं पाहिलं, तेवढ्या कुतूहलानं नऊ वर्षांत चित्राकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"सही आहे की," नानासाहेब म्हणाले. "रजिस्टरला आहे. हेर्लेकर, रजिस्टर दाखवा बाईंना." मी रजिस्टर काढायला वळलो.

"चित्रावरची सही विचारतेय मी."

ही शहाण्णव सालच्या डिसेंबरातल्या एका मंगळवारची गोष्ट. मी तेव्हा बार्शीत एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि कै. गोपिकाबाई रणदिवे वाचनालयाचा सहकार्यवाह होतो. कार्यवाह जे करत नाहीत ते सहकार्यवाहानं करायचं असतं. आमचे कार्यवाह काहीच करत नसत, त्यामुळे मला कामाची कधी कमतरता पडली नाही.

बाईंचं नाव माधवी सबनीस. त्या मुंबईहून आल्या होत्या. दिनकर वैरागकर नावाचा आमच्या गावचा एक मुलगा पूर्वी बडोद्याला चित्रकला शिकायला गेला, तिथून पॅरिसला गेला, मोठा झाला आणि आदल्या वर्षी तिकडेच वारला. त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन मुंबईत भरणार होतं आणि सबनीसबाई त्याची चित्रं गावोगावहून गोळा करत होत्या. आमच्याकडचं चित्र त्यानं सत्याऐंशी साली टपालानं पाठवलं होतं. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती, की या वाचनालयात मी लहानपणी फुकट पेपर वाचले, त्याची ही परतफेड. नंतर बऱ्याच जणांचं मत पडलं, की पेपरचे पैसे पाठवले असते तर बरं झालं असतं.

कारण चित्रात काय होतं ते कुणाला सांगता येत नसे. भिजलेल्या पोत्यासारखा एक मोठा काळा आकार, त्याच्या कुशीतून वर जाणारी एक तांबडी रेघ आणि खाली तीन ठिपके. गावात दोन पक्ष होते. एक म्हणे छपाईत बिघडलंय, दुसरा म्हणे उलटं टांगलंय. आम्ही ते पिण्याच्या पाण्याच्या माठाच्या वर लावलं होतं. तिथे माणसं वर बघत नाहीत.

"हे शिळाछाप आहे," बाई सांगू लागल्या. "लिथोग्राफ. चित्रकार दगडावर तेलकट खडूनं चित्र काढतो, त्यावरून मोजक्या प्रती छापतात आणि मग दगड घासून चित्र कायमचं पुसून टाकतात. याच्या तीसच प्रती निघाल्या. प्रत्येक प्रतीखाली, इथे पांढऱ्या समासात, डाव्या बाजूला नंबर आणि उजव्या बाजूला सही. चित्रकार स्वतःच्या हातानं घालतो. वैरागकरांच्या यादीत स्वच्छ लिहिलंय, अकरावी प्रत बार्शीच्या वाचनालयाला. तर मग इथे अकरा भागिले तीस असं पाहिजे. कुठे आहे?"

समास कोरा होता. आम्ही दोघांनी तो आळीपाळीनं पाहिला. नानासाहेबांनी चष्मा काढून पाहिला आणि घालून पाहिला.

बाईंनी पर्समधून भिंग काढलं आणि फ्रेमच्या काचेवरून इंच इंच फिरवलं. मग बाराव्या प्रतीचा फोटो काढून शेजारी ठेवला. फोटोत काळ्या पोत्याखाली बारीक करडा आकडा आणि तितकीच बारीक सही होती. हे सगळं चाललं होतं तेव्हा सिद्राम चहा सांगायला गेला होता, हे पुढच्या दृष्टीनं महत्त्वाचं.

"छपाई त्याच दगडावरची आहे," बाई म्हणाल्या. "पण ही त्या तिसांतली नाही. छापताना काही प्रती बिघडतात, त्या नष्ट करायच्या असतात. एखादी कुणाच्या तरी हाती लागते. बघा ना, हा काळा किती मेलेला आहे. श्वासच नाही त्यात. माफ करा, पण तुमची प्रत कुणीतरी काढून नेली आणि जागेवर ही लावली."

"चोरी?" नानासाहेब म्हणाले. वकिलांच्या चेहऱ्यावर हा शब्द उच्चारताना एक तेज येतं, ते आलं.

"मी सोलापूरला जातेय. गुरुवारी चारला परत येईन. तोपर्यंत काही कळलं तर बरं. नाहीतर मला यादीत तसं नोंदवावं लागेल."

त्या गेल्यावर नानासाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?"

"सिद्रामकडे एक, माझ्याकडे एक, तुमच्याकडे एक."

नानासाहेब माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. त्यांनी त्याच वर्षी नवा बंगला बांधला होता आणि दिवाणखान्यात लावायला काहीतरी मॉडर्न हवंय असं ते दोनदा म्हणाले होते.

"तुमचे मेहुणे पुण्यात फ्रेमा करतात ना?" त्यांनी विचारलं.

"ते चष्म्याच्या फ्रेमा करतात."

"असं होय." ते थोडे निराश झाले. "मग राहिला सिद्राम."

सिद्राम कोळेकर वाचनालयात एकतीस वर्षं होता. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. झाडणं, पुस्तकं लावणं, पावत्या फाडणं, म्हाताऱ्यांना बंद व्हायच्या वेळेला उठवणं, सगळं तोच करी. एकतीस वर्षांत त्यानं एक पुस्तक हरवू दिलं नव्हतं. नानासाहेबांच्या मते हीच गोष्ट संशयास्पद होती. इतकं प्रामाणिक माणूस कशासाठी राहतं, असा त्यांचा प्रश्न होता. शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. मे महिन्यात चुनाकाम निघालं तेव्हा सिद्रामनं ते चित्र घोंगडीत गुंडाळून घरी नेलं होतं.

बुधवारी कार्यकारिणीपुढे त्याची उलटतपासणी झाली.

"चित्र घरी नेलं होतंस?"

"नेलं हुतं."

"कुणाला विचारून?"

"चुना उडाय लागला. त्यो इचारून उडत न्हाई."

"घरी कुठे ठेवलंस?"

"उतरंडीमागं."

"कुणी पाहिलं?"

"बायकूनं. म्हनली, हे असलं घरात नगं. म्हनून चौथ्या दिवशीच आनलं."

"नेलंस तेच आणलंस?"

"तेच."

"काही फेरफार?"

"फेरफार कशापायी करू साहेब? मला यातलं काय कळतंय?"

हे त्यानं नानासाहेबांच्या डोळ्यांत बघून सांगितलं. सराईत माणूस असाच बघतो, असं नंतर नानासाहेब म्हणाले. खाली बघितलं असतं तर काय म्हणाले असते ते मी विचारलं नाही. गुरुवारी बाईंच्या समक्ष पुन्हा विचारायचं आणि कबूल झाला नाही तर शुक्रवारी सकाळी पोलिसांत द्यायचं, असं ठरलं. फौजदार नानासाहेबांचे अशील होते. ते म्हणाले होते, एक रात्र द्या, बोलता करतो. तक्रारीचा मसुदा मी लिहिला, कारण शुद्धलेखन माझं चांगलं होतं. 'सदर इसमावर आमचा दाट संशय आहे' हे वाक्य माझं. आणि मला ते तेव्हा पटतही होतं, हे सांगून टाकलेलं बरं. मे महिन्यातली घोंगडी माझ्याही डोक्यातून जात नव्हती.

गुरुवारी दुपारी एक वाजता मी वाचनालयात गेलो. बारा ते चार वाचनालय बंद असे. सिद्राम जेवायला घरी गेला असेल आणि त्याचं कपाट बघता येईल, असा माझा बेत होता. सिद्राम गेला नव्हता. टेबलावर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग घेऊन बसला होता. चित्र पलीकडच्या टेबलावर तसंच होतं. मेहुण्यांच्या धंद्याबद्दलचं माझं म्हणणं पडताळून झालेलं नसल्यामुळे मी चित्राला हात लावू नये असं नानासाहेबांनी बजावलं होतं.

"सर, या. कपाट बगायचंय न्हवं?" तो म्हणाला. "उगडंच हाय."

मी ओशाळलो, पण कपाट पाहिलं. आत एक छत्री, एक डबा, शिवायची सुई, धाग्याचं रीळ, मलमलीचं धुतलेलं फडकं, कोंबडीचं एक पांढरं पीस आणि खोडरबरांचं एक अख्खं खोकं.

"एवढे रबर?"

"लागत्यात की." त्यानं हातातली रहस्यकादंबरी माझ्यापुढे धरली. बाराव्या पानावर कुणीतरी समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'खून डॉक्टरने केला आहे.' "आता सांगा, पुढं कोन वाचंल? लोकं न्हाई ऐकत सर. कोन 'छान' लिवतंय, कोन 'खोटं' लिवतंय, कोन पोरीचं नाव घालतंय. शाईनं लिवलं तर माझा इलाज न्हाई. पेन्सिलीचं मातर एक ठिवत न्हाई."

त्यानं डॉक्टरला निर्दोष करायला घेतलं. रबर एकाच दिशेनं, हलक्या हातानं. मग पिसानं चुरा झाडला, मग मलमलीनं पान पुसलं. कागद कोरा करकरीत झाला. हे काम तो माझ्यासमोर वर्षानुवर्षं करत आला होता आणि मी ते पहिल्यांदा पाहिलं. पाहता पाहता मला बाईंनी ठेवलेला बाराव्या प्रतीचा फोटो आठवला. बारीक करडा आकडा. बारीक करडी सही.

"सिद्राम," मी म्हणालो, "ते चित्र टपालानं आलं, तेव्हा पार्सल कुणी सोडलं?"

"मीच की. तुमी पावतीवर सही क्येली आन् म्हनला, निगुतीनं साफ करून फ्रेमला दे."

"मी म्हणालो?"

"तुमाला तास हुता. दारातनंच म्हनला."

"मग साफ केलंस?"

"क्येलं. कोरंच हुतं तसं. निस्तं खाली कुनीतरी गनित घातल्यालं. अकरा भागिले तीस. भाग जात न्हाई म्हनून सोडून दिलं असंल. आन् हिकडच्या बाजूला गिरगुटी मारलेली."

मी खुर्चीवर बसलो.

"काय झालं सर?"

मी त्याला सांगितलं. तो ऐकत होता, पण मधेच त्याचा चेहरा असा झाला, की मी थापा मारतोय.

"सही? पेन्सिलीची?"

"चित्रकार पेन्सिलीनंच करतात. पद्धत आहे."

"पेन्सिलीची सही ब्यांकेत चालत न्हाई सर. पोस्टात चालत न्हाई. आंगठा चालतोय, पर पेन्सिल न्हाई. एवढा मोठा मानूस, आन् त्येला पेन मिळंना?"

 

आम्ही चित्र फ्रेममधून बाहेर काढलं. हिवाळ्याचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून तिरपं आत येत होतं. सिद्रामनं कागद उचलून त्या उन्हात असा कलता धरला, की समासावर सावल्या पडल्या. आणि दिसलं. काहीही रंग नसलेलं, नुसतं कागदात रुतलेलं, ११/३०. उजवीकडे वैरागकर, आणि खाली साल.

"दाब हाय," सिद्राम म्हणाला. "शिसं जातंय, दाब जात न्हाई. जाड कागदाचं तसंच असतंय."

मला इतका आनंद झाला, की मी त्याचे खांदे धरले. चोरी झालीच नव्हती. चित्र तेच होतं. चूक एका गरीब माणसाची होती, तिच्यात माझा वाटा होता, आणि दोन्हीचा पुरावा उन्हात धरला की दिसत होता. बाई आल्या की त्यांच्या हातात भिंग द्यायचं, एवढंच काम उरलं होतं.

"इथेच बस," मी म्हणालो. "मी सोलापूरला फोन करून येतो. त्या निघाल्या नसतील तर निरोप देतो, म्हणजे तक्रारीचं आजच मिटेल."

फोनच्या दुकानात रांग होती. नंबर लागला तेव्हा लॉजवाल्यानं सांगितलं की बाई अकरालाच निघाल्या. मी परत आलो तेव्हा जेमतेम पाऊण तास झाला असेल.

सिद्राम टेबलाशी उभा होता. कानावर पेन्सिल होती. चेहऱ्यावर, एकतीस वर्षांत मी कधी न पाहिलेलं, समाधान होतं.

"झालं सर. आता उनात धरायला नगं."

समासात डावीकडे अकरा भागिले तीस होतं. उजवीकडे वैरागकरांची सही होती. करडी, बारीक, ओघवती.

"दाबातनंच नेली पेन्सिल," तो म्हणाला. "कुटं बाहीर गेलो न्हाई. टोक दोनदा केलं."

मी कागद उन्हात धरला. खोबणीत शिसं भरलं होतं. आता ती केवळ एक पेन्सिलीनं केलेली सही होती, आणि ती मंगळवारी नव्हती.

"सिद्राम, मेलेल्या माणसाची सही करणं याला काय म्हणतात ठाऊक आहे?"

"मी कुटं क्येली? त्येंचीच हाय. मी निस्ती भरली."

"हे फौजदाराला सांगशील?"

 त्यानं खिशातून रबर काढला. "परत पुसू?"

"नको," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या चपळाईनं मी काही बोललेलो नाही.

पाऊण तासापूर्वीपर्यंत त्यानं सही नुसती पुसलेली होती. आता त्यानं ती केली होती. पहिल्या गोष्टीवर लोक हसले असते. दुसरीला कायद्यात कलम आहे, आणि चोर समजून ज्याला आत घ्यायचं ठरलं होतं, त्यानं स्वतःच्या हातानं ते आणून दिलं होतं. आम्ही चित्र पुन्हा फ्रेममध्ये घातलं. खिळे त्यानंच मारले. एक वाकडा बसला.

चारला नानासाहेब आणि सबनीसबाई आल्या.

"काय ठरलं?" बाईंनी विचारलं आणि टेबलाकडे बघून त्या थांबल्या. मग वाकल्या. भिंग काढलं. 

"ही कुठून आली?"

नानासाहेबांनीही पाहिलं. आकडा पाहिला, सही पाहिली. मग सावकाश सिद्रामकडे वळले.

"घाबरलास ना? आणून ठेवलीस ना परत? आता बोल."

"साहेब," सिद्राम म्हणाला, "त्येचं असं झालं, की मी..."

"सिद्राम, चहा सांग," मी म्हणालो.

"सर, मला सांगू द्या."

"चार चहा. बाईंचा बिनसाखरेचा. जा."

एकतीस वर्षांत त्याला चहा सांग म्हटल्यावर तो गेला नाही असं झालं नव्हतं. तो दारापर्यंत गेला, वळून माझ्याकडे पाहिलं आणि गेला.

"माझ्याकडे होती," मी म्हणालो.

नानासाहेब खुर्चीत बसले. मला वाटतं त्यांना धक्क्याइतकाच थोडा आनंदही झाला, कारण मंगळवारी त्यांचा पहिला संशय माझ्यावरच होता आणि तो त्यांनी मेहुण्यांवरून सोडून दिला होता.

"दोन वर्षं घरी होती," मी पुढे म्हणालो. "इथे दुसरी लावली होती. आज बदलली."

"प्राध्यापक माणूस तुम्ही," नानासाहेब म्हणाले. "का केलंत हे?"

"आवडलं होतं."

"काय आवडलं?"

"चित्र."

"हे?" नानासाहेबांनी चित्राकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा, डावीकडून उजवीकडे, नीट पाहिलं. चोरी त्यांना चटकन पटली होती. हे पटायला वेळ लागत होता.

बाईंना मात्र माझ्यात फारसा रस उरला नव्हता. त्या चित्रावरून नजर काढत नव्हत्या.

"आता कळला ना फरक?" त्या नानासाहेबांना म्हणाल्या. "परवाच्या प्रतीत हा काळा मेलेला होता. हा बघा कसा श्वास घेतोय. आणि ही सही. हा ओघ बघा, हातावर किती विश्वास आहे. याची नक्कल करता येत नाही."

"करता येत नाही," मी म्हणालो.

"ती दुसरी प्रत कुठे आहे?"

"जाळली."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या.

सिद्राम चहा घेऊन आला तेव्हा सगळं संपलं होतं. पोलिसांत जाण्यात वाचनालयाची बदनामी आहे, हे नानासाहेबांच्या एकदम लक्षात आलं होतं. शिपायाच्या बाबतीत ते लक्षात आलं नव्हतं. माझ्या हस्ताक्षरातला मसुदा त्यांनी फाडला आणि माझ्याच हस्ताक्षरात, प्रकृतीच्या कारणास्तव, राजीनामा घेतला. कागदावर काहीही असो, गावाला महिनाभरात 'खरं' कारण तोंडपाठ झालं. कॉलेजात मुलं माझ्या तासाला फळ्यावर काळं पोतं आणि तांबडी रेघ काढून ठेवत. ती चित्रं बऱ्यापैकी जमत.

वैरागकरांचं चित्र मुंबईला गेलं आणि परत आलं. प्रदर्शनाच्या पुस्तकात सहीचा नमुना म्हणून अकराव्या प्रतीचीच सही मोठी करून छापली आहे, कारण सगळ्यांत स्पष्ट तीच होती. आता त्यांची नवी चित्रं कुठे निघाली, तर सही त्या नमुन्याशी ताडून खरी-खोटी ठरवतात असं ऐकतो. सिद्राम गेल्या पावसाळ्यात वारला, म्हणून हे लिहितोय.

मी वाचनालय सोडलं नाही. साधा सभासद म्हणून जात राहिलो. कार्यकारिणीनं ठराव केला होता, की प्रा. हेर्लेकर बाहेर पडताना त्यांची पिशवी तपासावी. तपासायची कुणी, हे ठरावात लिहायची गरज नव्हती.

पहिल्या दिवशी मी दाराशी आलो तेव्हा सिद्राम स्टुलावरून उठला.

"मी जातो वकीलसाहेबांकडं," तो हळूच म्हणाला. "सांगून टाकतो."

"मग काय होईल?"

त्यानं विचार केला. "मला धरतील. तुमाला सोडतील."

"मला सोडणार नाहीत. दोघांनी मिळून केलं म्हणतील. त्यापेक्षा पिशवी तपास."

"म्या?"

"दुसरा कोण आहे?"

त्यानं पिशवी घेतली. आतली पुस्तकं एकेक काढून टेबलावर ठेवली, चष्म्याचं घर उघडून पाहिलं, भाजीची जुडी हलवून पाहिली, पिशवी उलटी करून झटकली. मग सगळं होतं तसं आत भरलं, पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरून ती माझ्यापुढे केली आणि वृत्तपत्र विभागातला शेवटचा म्हातारा जागा होईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "सरांच्या पिशवीत काय बी न्हाई."

निवृत्त होईपर्यंत चौदा महिने त्यानं हे रोज केलं. रोज तितक्याच मोठ्यानं. म्हातारे माना वर करायचे, आधी माझ्याकडे बघायचे, मग माठावरच्या भिंतीकडे बघायचे, आणि चित्र जागेवर आहे याची खात्री झाली की पुन्हा पेपरात डोकं घालायचे.